मॉरिसनची नसलेली ‘मॉरिसन्स जिग’

दरवर्षी १७ मार्चच्या आसपास, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डे आला की, मोबाइलवर आयरिश संगीताचे व्हिडिओ फिरू लागतात. पबच्या कोपऱ्यात टेबलाभोवती सात-आठ जण बसलेले असतात. दोन-तीन फिडल, एक बासरी, एक अकॉर्डियन. कुणासमोर कागद नसतो, कुणी निवेदन करत नाही, आणि सगळे मिळून एकच धून भरधाव वाजवत असतात. धून आवडते, म्हणून आपण तिचं नाव शोधायला जातो आणि तिथेच अडकतो. एका धुनेला तीन-चार नावं सापडतात. एकाच नावाखाली दोन निराळ्या धुना निघतात. रचनाकाराच्या जागी ‘ट्रॅड’, म्हणजे ‘पारंपरिक’, एवढंच लिहिलेलं असतं. स्वरलिपी दोन ठिकाणांहून उतरवून घेतली, तर दोन्हींतले स्वर जुळत नाहीत.

वरवर हा निष्काळजीपणा वाटतो, पण तसं नाही. या संगीताचा कारभारच वेगळ्या पायावर उभा आहे. तो समजून घ्यायचा तर एकच धून शेवटपर्यंत धरून ठेवलेली बरी. ‘मॉरिसन्स जिग’ घेऊ. फिडल शिकणाऱ्याला ती लवकर भेटते आणि जगभरच्या आयरिश बैठकांत ती वाजते. जेम्स मॉरिसन हा खराखुरा माणूस होता. त्याने ती वाजवली, गाजवली. रचली मात्र नाही.

जिग म्हणजे नक्की काय

फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, वाजवण्याची रीत निराळी. जिग हा नाचाचा प्रकार, आणि त्या नाचासाठी वाजवायच्या धुनेलाही जिगच म्हणतात. तिच्यात सहा मात्रा असतात, तीन-तीनच्या दोन गटांत. तबल्याशी थोडीफार ओळख असलेल्याच्या तोंडी लगेच येईल: दादरा. मात्र लय फार चढी असते. तीन मात्रांच्या गटाला पायाचा एक ठोका, आणि असे ठोके मिनिटाला साधारण ११५ ते १२०.

बांधणी अगदी ठरलेली आहे. आठ आवर्तनांचा पहिला भाग दोनदा, मग आठ आवर्तनांचा दुसरा भाग दोनदा. दुसरा भाग परत घेताना तो थोडा बदलण्याचीही चाल आहे. झाली ३२ आवर्तनं, ६४ ठोके. वेळ लागला अर्ध्या मिनिटाहून किंचित जास्त. नाचणाऱ्याच्या पावलांची एक मांडणी आठ आवर्तनांत बसते, म्हणून हा आकडा. नाच बाजूला पडला तरी आकडा राहिला. धून तीनदा वाजवून झाली की न थांबता दुसरी सुरू करतात, मग तिसरी. या मालिकेला ‘सेट’ म्हणतात. मोबाइलवर ऐकताना ‘मध्येच काहीतरी बदललं’ असं वाटतं ते याचमुळे. ती दुसरी धून असते.

आपल्या कानाला ती परकी का वाटत नाही

‘मॉरिसन्स जिग’मध्ये गंधार आणि निषाद कोमल, बाकी सगळे स्वर शुद्ध. पाश्चात्त्य भाषेत याला डोरियन म्हणतात, आपल्याकडे भातखंडे यांच्या वर्गीकरणात हाच काफी थाट. काफी राग असा याचा अर्थ नाही. रागाचं चलन, त्याची वळणं इथे नाहीत, फक्त स्वरांचा संच तोच आहे. आयरिश धुनांत बिलावल आणि खमाज थाटांचे संचही भरपूर आढळतात.

सुरुवात नेहमीच्या वाजवण्यात अशी होते. पहिल्या आवर्तनात दोनच स्वर: तीन मात्रांचा लांब सा, तीन मात्रांचा लांब प. दुसऱ्यात सा प सा, म रे आणि मंद्र नी. तिसऱ्यात सा, मंद्र नी, सा आणि पुन्हा लांब प. चौथ्यात वरच्या कोमल नी पासून खाली: नी ध प, म रे आणि मंद्र नी. इथपर्यंत गंधार आलेलाच नाही! तो पहिल्यांदा नीट ऐकू येतो सातव्या आवर्तनात, तोही तीन मात्रा लांब. धून उदास आहे की आनंदी, हे कोमल गंधार येईपर्यंत ठरतच नाही, आणि तो आला की भाग संपतच आलेला असतो. एवढ्याशा जागेत केलेली ही करामत मला फार मोठी वाटते.

आणखी एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. ही धून फिडलवर वाजवताना सुरुवातीचा सा आणि प हे दोन्ही स्वर पहिल्या बोटाखाली येतात, शेजारशेजारच्या दोन तारांवर. बोट जवळपास जागचं हलत नाही, फक्त गज एका तारेवरून दुसरीवर कलतो. आणि तो लांब प कुणी नुसता धरून ठेवत नाही. वरच्या एका बोटाचा तारेला निसटता स्पर्श होतो, स्वर पुन्हा येतो, मग पहिलं बोट क्षणभर उचलून मोकळी तार वाजते, आणि स्वर परत येतो. या अलंकाराला ‘रोल’ म्हणतात. तीन मात्रांत हे सगळं होतं. ऐकणाऱ्याला वेगळे स्वर जाणवत नाहीत, लांब स्वराला आतून ठोके पडल्यासारखं वाटतं. स्वरलिपीत मात्र तिथे एकच लांब स्वर लिहिलेला असतो.

मॉरिसन कोण होता

आयर्लंडच्या वायव्य भागात स्लायगो नावाचा परगणा आहे. तिथे रिव्हर्सटाऊन गावाजवळ १८९३ मध्ये जेम्स मॉरिसनचा जन्म झाला. आयरिश भाषा आणि संस्कृती टिकवण्यासाठी गेलिक लीग ही संस्था निघाली तीही त्याच वर्षी. पुढे सतराव्या वर्षी मॉरिसन याच संस्थेच्या शाळेत नाच शिकवत होता. १९१५ मध्ये तो अमेरिकेला गेला.

त्या काळी स्लायगोतून अमेरिकेला जाणं ही नेहमीची वाट होती. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. देश सोडण्याचा तो ओघ नंतरही अनेक दशकं आटला नाही. मायकल कोलमन हा स्लायगोचाच दुसरा मोठा फिडलवादक मॉरिसनच्या एक वर्ष आधी, १९१४ मध्ये गेला. दोघंही न्यूयॉर्कमध्ये राहिले, दोघांनीही तिथे भरपूर रेकॉर्ड केल्या. मॉरिसन शिकवायचाही, आणि इतका की लोक त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत. कोलमन १९४५ मध्ये वारला, मॉरिसन १९४७ मध्ये.

मग ही धून आली कुठून

मॉरिसनबरोबर वाजवणाऱ्यांमध्ये टॉम कारमोडी नावाचा अकॉर्डियनवादक होता. तो स्लायगोचा नव्हे, दूर नैर्ऋत्येकडच्या केरी परगण्याचा. त्याच्याकडे ही धून होती आणि ती त्याला वडिलांकडून, मॉरिस कारमोडींकडून मिळाली होती. तो तिला ‘द स्टिक अक्रॉस द हॉब’ म्हणायचा. हॉब म्हणजे चुलीलगतचा कट्टा, आणि त्यावर आडवी पडलेली काठी. वाजवणाऱ्यांमध्ये अशी हकिगत सांगतात की रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री कारमोडीने ती मॉरिसनला शिकवली.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर दोघांनी मिळून ती रेकॉर्ड केली. तबकडीवर नाव छापलं ‘मॉरिस कारमोडीज फेव्हरिट’, म्हणजे टॉमच्या वडिलांची आवडती. ही तबकडी आयर्लंडला पोचली, लोकांनी ती ऐकून ऐकून धून बसवली आणि आपापसात तिला ‘मॉरिसनची ती जिग’ म्हणू लागले. छापलेलं नाव मागे पडलं आणि बोलीतलं राहिलं.

म्हणजे केरीच्या एका घरातली धून न्यूयॉर्कला जाऊन स्लायगोच्या माणसाच्या नावाने परत आली. आयरिश धुनांच्या नावांचं सूत्र यातच आहे. नाव रचनाकार सांगत नाही, धून कुणाकडून मिळाली ते सांगतं. ज्याच्याकडून आपण ऐकली, त्याचं नाव. नाव माहीत नसेल तर त्याचं गाव, नाहीतर त्या दिवशी समोर असलेली एखादी वस्तू. एक धून चार वाटांनी चार गावांत पोचली की तिला चार नावं पडतात, आणि चारही खरी असतात.

तबकडीने काय केलं

न्यूयॉर्कमध्ये एलन ओ’बर्न डिविट या बाईंचं दुकान होतं. तिथे येणारी आयरिश गिऱ्हाइकं आपल्या संगीताच्या रेकॉर्ड मागत आणि त्या मिळतच नसत. १९१६ मध्ये त्या कोलंबिया कंपनीकडे गेल्या आणि म्हणाल्या, तुम्ही आयरिश वादकांची रेकॉर्ड काढा, ५०० प्रती मी घेते. कंपनीने अकॉर्डियन आणि बॅन्जो वाजवणाऱ्या दोघांची तबकडी काढली आणि ती खपली. पुढे मॉरिसन आणि कोलमन यांच्यासाठी जो बाजार तयार झाला, त्याच्या मुळाशी या दुकानदार बाईंची ही खटपट आहे. संगीताच्या इतिहासात अशा माणसांची नावं सहसा येत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम सांगितलं.

७८ च्या वेगाने फिरणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं वादन मावायचं. आता मघाचा हिशेब आठवा. एक जिग एकदा वाजवायला अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त लागतं, म्हणजे तीन मिनिटांत पाचेक फेऱ्या. नाचाच्या रात्री एकच धून घोळवत ठेवता येते, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष पावलांकडे असतं. तबकडी नुसती ऐकायची असते. म्हणून वादक दोन-तीन धुना जोडून देऊ लागले. कोणती कोणाला जोडायची हेही घट्ट होत गेलं. कोलमनने १९३० च्या दशकात एकापाठोपाठ वाजवलेल्या काही धुना आजही त्याच क्रमाने वाजतात.

‘म्हणजे मॉरिसनने ढापलीच की!’

हा आक्षेप हमखास येतो, पण तो टिकत नाही. तबकडीवर मॉरिसनने स्वतःचं नाव धुनेला दिलं नव्हतं. ज्या घरातून ती आली त्या घराचंच नाव छापलं होतं, आणि तिथलाच मुलगा शेजारी बसून वाजवत होता. ‘मॉरिसन्स जिग’ हे नाव ऐकणाऱ्यांनी दिलं.

दुसरं म्हणजे, मॉरिस कारमोडींनी तरी ती रचली असं कुणी म्हटलेलं नाही. ती त्यांची आवडती होती, एवढंच. धून पुढे देणारा प्रत्येक जण आधी घेणारा असतो.

याचा अर्थ रचनाकार कधीच माहीत नसतो असा मात्र नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगाव फिरणारा अंध हार्पवादक टरलॉ ओ’कॅरोलन (१६७० ते १७३८) आपल्या रचनांना आश्रयदात्यांची नावं द्यायचा, आणि त्या आजही त्याच्याच म्हणून वाजतात. विसाव्या शतकात फिलाडेल्फियात प्लंबिंगचं काम करणाऱ्या एड रीव्हीने कितीतरी धुना बांधल्या. त्यांतली ‘द हंटर्स हाऊस’ ही रील (जिगसारखाच नाचाच्या धुनेचा आणखी एक प्रकार) इतकी मुरली आहे की अनेकांना ती शंभर-दोनशे वर्षं जुनी वाटते. तिला रचनाकार आहे आणि तो १९८८ पर्यंत हयात होता, हे सांगावं लागतं.

मग मूळ, शुद्ध रूप कोणतं?

आयरिश वादकाला हा प्रश्न फारसा पडत नाही. आपल्याकडे गणपतीत एका घरातून दुसऱ्या घरी आरतीला गेलं की काय होतं ते आठवा. आरती तीच, पण चालीत एक हेलकावा वेगळा, एखादी ओळ दोनदा, कुठे टाळ्यांची जागा निराळी. कुणी कुणाला थांबवत नाही. पाहुणा दुसऱ्या ओळीपासून यजमानांच्या चालीत मिसळतो.

धुनेच्या अशा प्रत्येक रूपाला ‘सेटिंग’ म्हणतात. बैठकीत जो धून सुरू करतो त्याचं सेटिंग, बाकीचे सावरून घेतात. याला मर्यादा आहेत, आणि त्या कडक आहेत. ठोक्यावरचे स्वर फारसे हलत नाहीत, आवर्तनांची संख्या बदलत नाही, थाट बदलला तर लोक चमकतात. बदल होतो तो दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत. तीन मात्रांचा लांब स्वर एक जण रोलने भरतो, दुसरा साधे तीन स्वर घेतो, तिसरा गजाच्या टोकाने त्याचे तुकडे पाडतो. एकच माणूससुद्धा दुसऱ्या फेरीत पहिल्यासारखं वाजवत नाही.

ठोक्यावरचे स्वर टिकतात याचा एक व्यावहारिक उपयोगही झाला. ब्रेंडन ब्रानख या संशोधकाने हजारो धुनांची कार्डं तयार केली आणि ती नावांवर नाही, सुरुवातीच्या स्वरांना आकडे देऊन लावली. नाव फसवं, स्वर नाही. आपल्या धुनेचे सुरुवातीचे ठोके सा, प, सा, म, म्हणजे १, ५, १, ४. तिला कुणी काहीही म्हणो, हे आकडे तिला ओळखतात. ‘ट्यूनपाल’सारखं ॲप फोनला धून ऐकवली की ती शोधून देतं, तेही नाव बाजूला ठेवून स्वरच जुळवतं.

लिहून ठेवली असती तर घोळ टळला असता का?

लिहिलेलं होतंच. फ्रान्सिस ओ’नील हा कॉर्क परगण्यातला माणूस अमेरिकेत जाऊन शिकागोच्या पोलिस दलात चढत चढत १९०१ मध्ये तिथला पोलिसप्रमुख झाला. तो बासरी वाजवायचा आणि त्याला धुना जमवण्याचं वेड होतं. १९०३ मध्ये त्याने १८५० धुनांचा संग्रह छापला, १९०७ मध्ये १००१ नाचाच्या धुनांचा. दुसऱ्या संग्रहाला वादक नुसतं ‘द बुक’ म्हणत. ओ’नीलला स्वतःला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. तो वाजवून दाखवायचा आणि पोलिस खात्यातलाच जेम्स ओ’नील, जो त्याचा नातेवाईक नव्हता, कागदावर उतरवायचा.

या कामाचं मोल मोठं आहे, त्याने शेकडो धुना वाचवल्या. पण छापील स्वर हा धुनेचा सांगाडा. जिगमधल्या तीन मात्रा कागदावर समान दिसतात. वाजवताना पहिली किंचित लांबते, दुसरी आखडते. कागद बघून काटेकोर वाजवलं की धून बरोबर असते आणि नाचणाऱ्याचा पाय उचलत नाही.

केरी आणि कॉर्कच्या सीमेवर स्लीव्ह लूक्रा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या पॉरिक ओ’कीफ (१८८७ ते १९६३) या फिडल शिक्षकाने वेगळी वाट काढली. तो विद्यार्थ्यांना स्वरलिपीऐवजी आपली स्वतःची लिपी लिहून द्यायचा. ओळींमधल्या चार जागा म्हणजे चार तारा आणि त्यांत लिहिलेले आकडे म्हणजे बोटं. शून्य म्हणजे मोकळी तार. स्वरांची नावं ठाऊक नसलेलं शेतकऱ्याचं पोर त्यावरून धून घरी नेऊ शकायचं, आणि तिची लय मात्र मास्तरांच्या वाजवण्यातूनच उचलावी लागायची.

रेकॉर्डने परंपरेचं नुकसान केलं का?

काही प्रमाणात केलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मॉरिसन आणि कोलमन यांची स्लायगोची शैली लखलखीत, चपळ, रोलने भरलेली होती. तबकड्या घरोघर पोचल्यावर कानाकोपऱ्यातले फिडलवादक तीच गिरवू लागले आणि आपल्या गावची पद्धत त्यांना गावंढळ वाटू लागली. वायव्य टोकाच्या डॉनेगॉल परगण्यात रोल कमी आणि गजाचे छोटे, तुटक फटकारे जास्त. स्लीव्ह लूक्रात जिग-रीलपेक्षा पोल्का आणि स्लाइड या नाचांचा जोर. या शैली मागे रेटल्या गेल्या.

त्याच सुमाराला, १९३५ मध्ये आयर्लंडमध्ये सार्वजनिक नाचासाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. त्याचा बडगा घरच्या नाचांवरही चालवला गेला. स्वयंपाकघरातलं सामान बाजूला सारून होणारे नाच बंद पडू लागले आणि संगीत हॉलमध्ये गेलं. हॉलमध्ये एकटी फिडल पुरत नाही, बँड लागतो. बँडमध्ये सगळ्यांना सारखं वाजवावं लागतं. माझ्या मते स्थानिक शैलींना तबकडीइतकाच या कायद्याचा फटका बसला, आणि दोष मात्र एकट्या तबकडीच्या माथी मारला जातो.

दुसरी बाजूही तितकीच खरी. तबकडी नसती तर केरीच्या कारमोडी घराबाहेर ही धून किती पोचली असती? १९५१ मध्ये आयरिश संगीत जपण्यासाठी कोल्तस ही संस्था निघाली, तिचे वार्षिक महोत्सव सुरू झाले, १९८७ मध्ये डब्लिनमध्ये पारंपरिक संगीताचा संग्रह उभा राहिला. जुन्या तबकड्या आणि घरगुती टेप तिथे जमल्या आणि डॉनेगॉलची, स्लीव्ह लूक्राची शैली आज तरुण वादक मुद्दाम शिकतात, तीही रेकॉर्ड ऐकूनच.

आपण ही धून वाजवली तर परवानगी लागेल?

पारंपरिक धुनेला मालक नाही, त्यामुळे ‘मॉरिसन्स जिग’ तुम्ही व्हायोलिनवर, बासरीवर, हार्मोनियमवर कशीही वाजवून प्रसिद्ध करू शकता. रचनाकाराच्या जागी ‘ट्रॅड’ लिहितात ते हेच सांगायला. एखाद्या बँडची रेकॉर्डिंग उचलून आपल्या व्हिडिओखाली लावणं मात्र वेगळं. ती रेकॉर्डिंग त्यांची, त्यातली मांडणीही त्यांची. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण असतं. एड रीव्हीसारख्या अलीकडच्या रचनाकाराची धून असेल तर ती कितीही पारंपरिक वाटली तरी तिला रचनाकार आहे, आणि हक्क मृत्यूनंतरही अनेक दशकं चालतात. म्हणून धून निवडली की आधी तिची सगळी नावं शोधा. एका नावाखाली जे सापडत नाही ते दुसऱ्या नावाखाली सापडतं. आणि वाजवायच्या आधी मॉरिसन-कारमोडींची जुनी तबकडी ऐका. ऐकताना फिडल आणि अकॉर्डियन लांब प कसा वेगवेगळा भरतात तिकडे कान द्या. तिथे दोघांचे हात निराळे चालतात.